हणजूणच्या खडकांवर तांबडं-तपकिरी शेवाळ पाहताना

समुद्रशेवाळ पाहायला गोव्यात जायचं तर पंचांग पाहून जा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत मोठी ओहोटी सकाळी मिळते. आम्ही डिसेंबरात म्हापशाला मुक्काम करून भल्या सकाळी हणजूण गाठलं. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोहोचावं आणि पाणी हटेल तसं पुढे जावं. भरती लागली की मात्र रेंगाळू नका, जांभ्याच्या खाचांतून पाणी पाठीमागूनही भरतं.

सर्वांत खालच्या पट्ट्यात सरगॅसम भेटतं. तपकिरी, पानांसारखे भाग आणि मधे मण्यांएवढे हवेचे फुगे. भरतीत हेच फुगे त्याला उजेडाकडे उचलून धरतात. तळाशी मूळ वाटतं ते फक्त खडक पकडायला. पाणी आणि क्षार सगळं अंगच शोषून घेतं. जवळच्या डबक्यांत पडायनाचे पंखे होते. त्यांच्यावरची पांढुरकी झाक चुन्याची. तपकिरी शेवाळात अंगावर चुना धरणारी जात फार विरळा, म्हणून इथे जरा थांबाच.

तांबडं शेवाळ शोधताना रंगावर विसंबू नका. उन्हातल्या डबक्यात ते सर्रास तपकिरी किंवा हिरवट दिसतं. कपारीच्या सावलीत त्याचा खरा रंग खुलतो. हिप्नियाच्या काही फांद्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, तेवढ्यावरून ओळख पटते.

सगळ्यात जास्त वेळ मी ग्रॅसिलेरिया या तांबड्या शेवाळापाशी बसले. भिंगातून फांद्यांवर पुटकुळ्या दिसल्या, की ती मादी आणि तिचं फलन झालेलं. तांबड्या शेवाळाच्या नर पेशींना पोहायला शेपूट नसतं. मग फलन पाण्याच्या हेलकाव्यावरच अवलंबून, असं मानलं जाई. 2022 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की ग्रॅसिलेरियाच्या एका जातीत आयडोटिया नावाचे चिमुकले कवचधारी जीव या पेशी अंगावर वाहून नेतात. समुद्रातलं परागीभवनच हे! आणि एकदा फलन झालं की एकेका पुटकुळीतून असंख्य बीजाणू बाहेर पडतात.

खडकावरचं काही उपटू नका. लाटेने किनाऱ्यावर टाकलेला सरगॅसमचा तुकडा घ्या आणि थर्मासमधल्या कढत पाण्यात बुडवा. तपकिरी रंगद्रव्याची झाक निघून तो बघता बघता हिरवा होतो. मुलं सोबत असतील तर हा प्रयोग चुकवू नका.

पायात घट्ट पकडीचे बूट हवेत, चपला नकोत. भिंग आणि पांढरी ताटली जवळ ठेवा. पोरफायरा हे तांबडं शेवाळ पावसाळ्यात उगवतं, पण तेव्हा या खडकांवर अजिबात उतरू नका.