तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह असताना विमानातली जुनी छायाचित्रे कशाला?

माझ्या कामाचा विषय निघाला की बहुधा हाच प्रश्न येतो. उपग्रह पृथ्वीचा कानाकोपरा टिपत असताना, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी विमानातून काढलेली ध्रुवप्रदेशाची कृष्णधवल छायाचित्रे घेऊन तुम्ही काय करत बसता? प्रश्न रास्त आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे, की उपग्रहांची स्मरणशक्ती फार मागे जात नाही. पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडण्यात आला. अमेरिकी हेरगिरी उपग्रहांच्या १९६०च्या दशकातील फिल्म १९९५ पासून खुल्या झाल्या, परंतु त्यांतल्या कितीतरी चौकटी ढगांनी झाकलेल्या आहेत. त्याआधी एखाद्या हिमनदीचे टोक कोठे होते आणि तिचा पृष्ठभाग किती उंचीवर होता हे शोधायचे, तर विमानातील कॅमेऱ्याइतका व्यापक साक्षीदार दुसरा नाही. मात्र या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच जातो.

अंटार्क्टिकाचे पहिले हवाई छायाचित्र ध्रुवसंशोधक शॅकलटन यांनी ४ फेब्रुवारी १९०२ रोजी दोराने बांधलेल्या फुग्यातून काढले. ते कुतूहलापोटी काढलेले चित्र होते, मोजमाप नव्हे. वरून दिसले म्हणजे कळले असे नाही, हा धडा पुढे ध्रुवसंशोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांच्या उड्डाणाने दिला. २० डिसेंबर १९२८ रोजी ते अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटावरून निघून ग्रॅहम लँडच्या, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर भागाच्या, कडेने दक्षिणेकडे दूरवर गेले, वाटेत छायाचित्रे आणि रेखाटने करत गेले, आणि हा भूभाग सामुद्रधुन्यांनी तुटलेला आहे अशा निष्कर्षाने परतले. त्या कथित जलमार्गांना नावेही मिळाली. जॉन रायमिल यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेने १९३४ ते १९३७ या काळात विमान आणि कुत्र्यांच्या स्लेज दोन्ही वापरून पाहणी केली, तेव्हा तो सलग द्वीपकल्प असल्याचे सिद्ध झाले. ज्यांना जलमार्ग समजले गेले, त्या बर्फाने भरलेल्या खोल दऱ्या होत्या. विल्किन्स यांना मी दोष देत नाही. तिरप्या प्रकाशात, अनोळखी प्रदेशावरून वेगाने जाताना सपाट बर्फ आणि गोठलेला समुद्र यांत फरक करणे आजही सोपे नाही.

छायाचित्रावरून उंची कशी मोजतात हे येथे सांगायला हवे. विमान सरळ रेषेत उडत असताना लागोपाठच्या दोन छायाचित्रांत साधारण साठ टक्के भाग सामाईक राहील अशा बेताने कॅमेरा चालवतात. एकच शिखर दोन वेगवेगळ्या जागांवरून टिपले जाते आणि ते जितके उंच, तितके दोन चित्रांमध्ये आजूबाजूच्या सखल भागापेक्षा जास्त सरकलेले दिसते. त्या सरकण्यावरून उंचीचा हिशेब मांडता येतो. पूर्वी हे काम स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन चित्रे एकत्र पाहून खोली दाखवणाऱ्या उपकरणाखाली, डोळ्यांनी होई, आता संगणक करतो. पण दोघांची अडचण एकच आहे. दोन्ही चित्रांत तोच बिंदू ओळखता आला पाहिजे. खडकावर भेगा असतात, सावल्या असतात. ताज्या बर्फाच्या पठारावर मात्र कोऱ्या कागदावरची जागा दुसऱ्या कोऱ्या कागदावर शोधण्यासारखा प्रकार होतो. सूर्य क्षितिजालगत असेल, तर वाऱ्याने बर्फावर कोरलेल्या सऱ्यांच्या बारीक सावल्या पडतात आणि जुळणी जमते. तोच सूर्य डोंगराच्या मागे गेला, की अख्खी दरी काळीकुट्ट होते आणि तिच्यातले काहीच हाती लागत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. दोन चित्रांवरून भूभागाचा आकार मिळतो, पण तो पृथ्वीवर नेमका कोठे बसवायचा आणि त्याचे प्रमाण काय धरायचे, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी जमिनीवर उभे राहून अक्षांश, रेखांश आणि उंची निश्चित केलेले बिंदू लागतात, आणि ते बिंदू हलते असून चालत नाही. वाहत्या हिमनदीवरची खूण निरुपयोगी ठरते. बर्फातून डोके वर काढणारा खडकच हवा, ज्याला नुनाटक म्हणतात. १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेने श्वाबेनलँड जहाजावरून उड्डाणे करून अकरा हजारांहून अधिक छायाचित्रे काढली, परंतु जमिनीवरचे नियंत्रण बिंदू नसल्याने त्यांवरून काढलेल्या नकाशांत डोंगरांच्या जागा चुकल्या. (भारताचे मैत्री हे केंद्र ज्या शिरमाखर ओअ‍ॅसिसवर आहे, त्याला त्याच मोहिमेतील एका वैमानिकाचे नाव दिलेले आहे.) अमेरिकी नौदलाने १९४६-४७ मध्ये ‘हायजंप’ मोहिमेत सत्तर हजारांच्या आसपास छायाचित्रे काढली आणि तीच कहाणी पुन्हा घडली. पुढच्याच उन्हाळ्यात निव्वळ नियंत्रण बिंदू निश्चित करण्यासाठी वेगळी मोहीम पाठवावी लागली. उत्साह कॅमेऱ्याचा आणि कष्ट खडकावरचे, ही विभागणी मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे.

त्या काळात रूढ झालेली पद्धत तीन कॅमेऱ्यांची होती: एक सरळ खाली रोखलेला आणि दोन डाव्या-उजव्या बाजूंना तिरपे, म्हणजे एका फेरीत या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतचा पट्टा टिपला जाई. कॅनडाच्या हवाई दलाने आपल्या उत्तरेकडील फॉक्स खोरे या उथळ समुद्रभागावर अशीच सर्वेक्षणे केली, तेव्हा १९४८ मध्ये साडेनऊ हजार चौरस किलोमीटरहून मोठे प्रिन्स चार्ल्स बेट प्रथमच नकाशावर आले.

हे सारे नकाशांसाठी चालले होते. बर्फ वितळतो आहे का, हे पाहण्यासाठी कोणी उडत नव्हते. तरीही आज त्या चित्रांचा मुख्य उपयोग तोच आहे. डॅनिश मोहिमेने १९३०च्या दशकाच्या आरंभी आग्नेय ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर काढलेली छायाचित्रे वापरून १९३२ पासूनचा १३२ हिमनद्यांचा इतिहास उभा करण्यात आला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले, की जमिनीवर संपणाऱ्या हिमनद्या १९३०च्या दशकात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापेक्षाही वेगाने मागे हटल्या होत्या, तर समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्यांची माघार या अलीकडच्या दशकात अधिक वेगवान होती. हवामानबदलाच्या वादात सरसकट विधाने करणाऱ्या दोन्ही बाजूंना हा निष्कर्ष गैरसोयीचा आहे, आणि म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो. नॉर्वेने १९३६ आणि १९३८ मध्ये टिपलेल्या स्वालबार्ड या आपल्या उत्तर ध्रुवाकडील द्वीपसमूहाच्या चित्रांवरून दीड हजारांहून अधिक हिमनद्यांचे त्या वेळचे त्रिमितीय रूप काढण्यात आले. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर १९४० पासूनची हवाई छायाचित्रे आणि नंतरची उपग्रहचित्रे ताडून पाहिली, तेव्हा समुद्राला मिळणाऱ्या २४४ हिमनद्यांपैकी ८७ टक्के मागे हटलेल्या आढळल्या.

आता तुमचा पुढचा प्रश्न: या मोजमापावर विश्वास किती ठेवायचा? जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाची मापे व दोष नोंदवणारे दाखले पुष्कळदा हरवलेले असतात, फिल्म सुकून आकसलेली असते आणि विमान नेमके कोठे होते याची नोंद ढोबळ असते. म्हणून आजच्या अचूक उंचीनकाशातील न हललेले खडक निवडायचे, जुन्या चित्रात तेच खडक शोधायचे आणि त्यांच्या आधाराने भिंगाचे दोष व कॅमेऱ्याची जागा उलट हिशेबाने काढायची, असे आम्ही करतो. मग खडकांचाच दुसरा एक गट तपासणीसाठी वापरतो, जो आधीच्या हिशेबात घेतलेला नसतो. तेथे जुनी आणि नवी उंची जितकी जुळत नाही, तितकी चूक बर्फावरही किमान धरावी लागते. ती दहा मीटर निघाली आणि हिमनदीच्या टोकाजवळचा पृष्ठभाग साठ मीटर खाली गेलेला दिसला, तर बोलण्यासारखे काही हाती आले. पठारावर चार मीटरचा फरक दिसला, तर तो मी अहवालात मांडत नाही.