एक, दे, तिन...

लक्षद्वीपच्या जहाजाने कोची सोडून तीन तास होतात न होतात तोच नवऱ्याला बोट लागली. केबिनमध्ये डिझेलचा वास कोंडलेला, त्यात तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याचा डोळा लागल्यावर मी डेकवर आले. कठड्याजवळच्या सगळ्या खुर्च्या आमच्याच टूरवाल्यांनी टॉवेल टाकून अडवल्या होत्या, म्हणून मागच्या बाजूला गेले. तिथे चटई पसरून एक आजी आणि त्यांची अकरा-बारा वर्षांची नात बसली होती. आजींनी सरकून मला जागा करून दिली. माझा चेहरा बघूनच त्यांना सगळं कळलं असावं. पिशवीतून एक कागदी लिंबू काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि हुंगून दाखवलं.

दोघी मिनिकॉय बेटावरच्या. कोचीच्या इस्पितळातून घरी निघाल्या होत्या. नात शाळेत शिकलेल्या हिंदीत बोलत होती, आजी नुसत्या हसत होत्या. रात्रीच्या गोळ्या घ्यायची वेळ झाली तशा त्या पाकिटातल्या गोळ्या मोजू लागल्या, "एक, दे, तिन, हतरु, फस..."

मी चमकलेच. एवढ्या दूर, समुद्राच्या मधोमध, कुणीतरी माझ्या घरातलं बोलल्यासारखं वाटलं. मी मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच." आजींनी गोळ्या तशाच ठेवल्या. "ह, हत," त्या म्हणाल्या. "सहा, सात," मी म्हणाले. दहाला दिहा, विसाला विहि. पाण्याला फेन, माशाला मस. "आपका स, हमारा ह," नातीने नियमच करून टाकला. लक्षद्वीपची बेटं ३६, त्यांपैकी वस्ती १० बेटांवर. नऊ बेटांवर मल्याळम घराण्यातली बोली चालते. एकट्या मिनिकॉयवर महल, म्हणजे मालदीवच्या धिवेहीचंच रूप. ती मराठीसारखीच संस्कृत-प्राकृताच्या वंशातली. हे मी नंतर शोधलं. त्या रात्री मात्र आम्ही तिघी बोटं मोडत मोजत राहिलो आणि गोळ्या घ्यायच्या राहून गेल्या. नातीने आठवण केली तेव्हा कुठे आजींनी त्या गिळल्या.

कवरत्ती पाहिलं, कल्पेनी पाहिलं. दोन्हीकडचं पाणी फोटोत दिसतं तसंच आहे.

कल्पेनीला जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं. जहाजाच्या बाजूच्या दारातून खाली हेलकावणाऱ्या होडीत उतरायचं. होडी वर आली की पाऊल टाकायचं, लाट गेली की थांबायचं. खलाशी मनगट घट्ट धरतात. पोटात गोळा आला, तेवढ्यात वर नजर गेली. आजी आणि नात कठड्यावरून वाकून बघत होत्या. त्यांना उतरायचं नव्हतं. थेट जहाजाचं तिकीट मिळालं नाही, म्हणून त्या आमच्या सहलीच्या जहाजाने वळसा घालून घरी जात होत्या. आम्ही दिवसभर पोहलो, नारळपाणी प्यायलो आणि संध्याकाळी परतलो, तर त्या चटईवरच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्यासाठी ती सहल होती. त्यांच्यासाठी तोच रस्ता, तीच एसटी, तीच ॲम्ब्युलन्स. "कंटाळा नाही आला?" मी विचारलं. नातीने भाषांतर केलं, "दादी कहती है, घर तो आ रहा है ना."

कल्पेनी आणि मिनिकॉयच्या मधल्या नाइन डिग्री चॅनलमध्ये जहाज खूप डोललं. नवरा पुन्हा आडवा. या खेपेला आजी स्वतः केबिनच्या दाराशी आल्या, लिंबू घेऊन.

मिनिकॉयला १८८५ सालचं दीपगृह आहे. वर चढल्यावर अख्खं बेट कोयत्याच्या पात्यासारखं वाकलेलं दिसतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दोनशे माणसांना एका मांडवात जेवायला घालायचं, गाव दाखवायचं आणि शिट्टी वाजवून परत न्यायचं, असा टूरचा खाक्या. आजींचं घर कुठे ते विचारायलाही सवड मिळाली नाही, याचा मला अजून राग येतो.

परतीच्या शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा आजीच धक्क्यावर आल्या. जहाजावरचा चुरगळलेला पोशाख बदलून लांब लाल लिबास, डोक्याला रुमाल. माझ्या वहीत त्यांनी माझं नाव लिहिलं, उजवीकडून डावीकडे, त्यांच्या थाना लिपीत. या लिपीची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून घेतलेली आहेत, त्यामुळे माझं नाव हिशेबासारखं दिसतं. मग कागदात गुंडाळलेला मस दिला. कुप्पा मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवतात, तो लाकडासारखा टणक होतो. मी आजींच्या पाया पडले. त्या गोंधळल्या आणि मला उठवून छातीशी धरलं.

घरी आल्यावर नातीने फोनवर कृती सांगितली. मस पातळ किसायचा, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू घालून हाताने चुरायचं. नवरा रोज भाकरीबरोबर खातो. काल डब्यात पाहिलं, किती तुकडे उरलेत ते.

हतरु.