आमची वाटचाल : लाकूड दिसलं पाहिजे

आमच्या शेडमध्ये शिरलं की डाव्या हाताला छताला टांगलेली एक कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, दिसते. ती विकायची नाही. मी आणि धाकट्या भावाने मिळून बांधलेली ती पहिली. लांबी १६ फूट, वजन ३२ किलो. त्याच आराखड्याची कॅनू आज आमच्याकडून २५ किलोत तयार होते. लाकूड तेवढंच लागतं, पट्ट्यांची जाडीही तीच. वरचे सात किलो होते नुसत्या इपॉक्सीचे, म्हणजे लाकडावर चढवून कडक होणाऱ्या राळेचे. ते कमी करता करता आमच्या हौसेचा धंदा झाला.

सुरुवातीला धंद्याचा विचारही नव्हता. वडील सुतारकाम करायचे, त्यामुळे रंधा, पटाशी, गुण्या यांची सवय लहानपणापासूनची. पाण्यावर जायला स्वतःची होडी असावी, एवढीच इच्छा. ओंडका कोरून होडी करणं माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. नेदरलँड्समध्ये पेसे गावाजवळ १९५५ साली महामार्गाचं काम चालू असताना सापडलेली पाइनची कॅनू सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची आहे, तीही अशीच कोरलेली. पण कोरीव होडी जड. आम्हाला डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालत जाता येईल अशी हवी होती. म्हणून पट्ट्यांची पद्धत धरली.

लांब, सरळ तुळईवर दर ३० सेंटीमीटरला प्लायवूडचा एक आडवा साचा उभा करायचा आणि त्या साच्यांवरून ६ मिलिमीटर जाड, साधारण २० मिलिमीटर रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत वर जायचं. पट्टीच्या एका कडेला गोलाई, दुसऱ्या कडेला तशीच खाच. म्हणजे वळणावरही फट राहत नाही. मध्यावरचा घेर भरायला साठ-सत्तर पट्ट्या लागतात. आम्ही वेस्टर्न रेड सीडर वापरतो. हलकं, सरळ रेषांचं लाकूड, रंध्याखाली लोण्यासारखं चालतं. त्याचा भुसा मात्र छातीला बाधतो, म्हणून मास्कशिवाय आमच्याकडे कुणी यंत्र चालू करत नाही.

साचे लावताना आम्ही दोरी धरतो, पण खरी साक्ष पट्टी देते. एखादा साचा दोन-तीन मिलिमीटर खाली असेल, तर पट्टी त्याला टेकतच नाही. वर असेल, तर तिथे टेंगूळ येतं. पहिल्या वेळी आम्ही पट्टी जबरदस्तीने साच्याला ठोकून बसवली. त्या जागी आजही उजेड तिरपा पडला की लाट दिसते. आता आधी चार-पाच पट्ट्या नुसत्या धरून बघतो आणि साचा दुरुस्त करतो.

पट्ट्या पुऱ्या झाल्या की लोकांना वाटतं, होडी झाली. आमच्या हिशेबाने निम्मं काम तिथून पुढे असतं.

इपॉक्सी आणि काचेच्या धाग्यांचं कापड लाकडावर चढलं की लाकूड भिजल्यासारखं गडद होतं आणि खाली जे काही असेल ते कायमचं समोर येतं. पट्ट्यांमधून बाहेर आलेला गोंद नीट खरवडला नसेल, तर तिथे लाकूड इपॉक्सी पीत नाही आणि फिकट डाग उमटतो. कोरड्या लाकडावर तो डाग कुणालाच दिसत नाही. यावरचा उपाय साधा आहे. शेवटच्या घासणीआधी ओल्या फडक्याने पूर्ण होडी पुसायची. गोंदाचे डाग, रंध्याचे ओरखडे, ८० नंबरच्या घासकागदाच्या उरलेल्या रेघा, सगळं क्षणात वर येतं. पेन्सिलने खुणा करायच्या, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. हे आम्ही तीनदा करतो.

इपॉक्सीचा पहिला धडा बुडबुड्यांचा. आम्ही सकाळी लवकर काम सुरू केलं, तेव्हा शेड गार होती. ऊन वर चढलं तसं लाकूड तापलं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगली आणि ओल्या थरातून बाहेर येऊ लागली. दुपारपर्यंत अर्ध्या होडीवर मोहरीएवढे फोड. आता शेड आधी गरम करतो आणि तापमान उतरायला लागलं की मगच पहिला हात देतो. गार होणारं लाकूड हवा बाहेर टाकण्याऐवजी आत घेतं. दुसरा धडा भांड्याचा. अर्धा लिटर मिश्रण एकाच खोल डब्यात ठेवलं, तर ते स्वतःच्या उष्णतेने धुरायला लागतं. म्हणून थोडं थोडं मिसळायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं.

आणि ते सात किलो? कापड भिजून पारदर्शक झालं की थांबायला हवं. २०० ग्रॅम वजनाच्या कापडाला जवळपास तेवढंच इपॉक्सी पुरतं. जास्तीचं स्क्वीजीने (रबरी पात्याने) ओढून काढायचं, इतकं की कापडाची वीण हाताला लागली पाहिजे. वीण भरायला पुढचे दोन पातळ हात आहेतच. आम्ही पहिल्या हातातच चकचकीत करायला गेलो. त्याने कापड लाकडावरून उचललं जाऊन इपॉक्सीत तरंगलं, मजबुती वाढली नाही, वजन तेवढं वाढलं.

तिसऱ्या कॅनूच्या वेळी भावाच्या मनगटांवर पुरळ उठलं. हार्डनरची, म्हणजे इपॉक्सी कडक करायला त्यात मिसळतात त्या रसायनाची, ॲलर्जी. हातमोज्यांशिवाय काम केल्याची किंमत. एकदा ही ॲलर्जी अंगात भिनली की सहसा जात नाही. कामाची वाटणी त्या आठवड्यात ठरली, ती आजही तशीच आहे. साचे, पट्ट्या, अ‍ॅशच्या लाकडाचे काठ, आसनांची वेताची वीण हे त्याचं. इपॉक्सी आणि व्हार्निश माझं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण कापड पारदर्शक होताना बघायला त्यालाच सर्वांत जास्त आवडायचं. आता तो खिडकीच्या काचेपलीकडे उभा राहून बघतो.

पहिल्या गिऱ्हाइकाची होडी जवळपास पुरी झाली होती, तेव्हा टोकाजवळ तळहाताएवढा पांढरट डाग दिसला. कापड तिथे कोरडं राहिलं होतं. गिऱ्हाईक चांगला माणूस. म्हणाला, "अहो, तेवढ्या भागावर रंगाचा पट्टा मारा, छान दिसेल." रंगाने डाग झाकला असता, पण खाली कापड लाकडाला धरलेलं नव्हतं. आम्ही हीट गनने तो तुकडा उचलला, घासलं, नवं कापड बसवलं. तीन आठवडे उशीर झाला. तेव्हा ठरलं ते असं, की पट्ट्यांच्या होडीवर रंग चढवायचा नाही. प्लायवूडच्या कॅनूवर आम्ही आनंदाने रंग देतो. तिथे रंग शोभतो आणि संरक्षणही करतो.

व्हार्निशबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सर्वांत जास्त तक्रारी इथूनच येतात. इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. पिवळं पडतं, मग पांढुरकं होऊन सुटायला लागतं. अतिनील किरण अडवणारं व्हार्निश त्याच्यासाठीच असतं, चमक हा नंतरचा फायदा. त्याआधी इपॉक्सीवर येणारा मेणचट थर साध्या पाण्याने धुवावा लागतो. तसाच घासला तर तो कागदाबरोबर आत दाबला जातो आणि व्हार्निश धरत नाही. आम्ही पाच हात देतो, प्रत्येकाच्या मध्ये २२० नंबरचा कागद. फरशी ओली करायची, व्हार्निश बारीक कापडातून गाळून घ्यायचं, ब्रश शेवटी एकाच दिशेने, अगदी हलका. त्या दोन तासांत शेडचं दार कुणी उघडत नाही.

अलीकडे तयार कॅनूपेक्षा साचे आणि पट्ट्या मागणारे जास्त. लोकांना स्वतःच्या हाताने बांधायची आहे, आणि आम्हाला ते मनापासून आवडतं. परवा रात्री एका ताईंचा फोन आला, "दादा, फोड यायला लागलेत!" मी विचारलं, खोली तापतेय का? हीटर चालूच होता. तो बंद करायला लावला, रोलर पुन्हा एकदा हलक्या हाताने फिरवायला सांगितला. तासाभरात फोटो आला. स्वच्छ.

शिकायला येणाऱ्यांना आम्ही आधी त्या टांगलेल्या कॅनूखाली उभं करतो. भाऊ तिला दोरीने खाली घेतो आणि डोळे मिटून पोटावरून हात फिरवायला सांगतो. लाट कुठे आहे ते बहुतेकांना लगेच सापडतं. फोड मोजायला मात्र सगळे डोळे उघडतात.