उग्र देवतेचे दागिने

भद्रकालीचे चित्र समोर आले की माझी नजर आधी तिच्या सुळ्यांकडे नव्हे, तर गळ्याकडे जाते. जम्मूच्या डोंगराळ प्रदेशातील बसोहली येथे अंदाजे १६६० ते १६७० या दशकात देवीच्या विविध रूपांची जी तांत्रिक चित्रमालिका रंगवली गेली, तिच्यात पाचूंच्या जागी भुंगेऱ्याच्या हिरव्या, चकाकत्या पंखकवचांचे बारीक तुकडे चिकटवलेले आहेत. कागद जरासा तिरका धरला की ते लकाकतात. डोळे वटारलेली ती देवी आणि तिच्या अलंकारांत एकेक तुकडा कापून बसवणारा तो सोशिक हात, ही जोडी मला फार विलक्षण वाटते. इतक्या निगुतीने दागिने घडवणाऱ्याला देवीची भीती वाटत असेल, हे काही मला पटत नाही. सणाच्या दिवशी घरातल्या लेकीला नटवावे, तसे ते काम दिसते.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने मात्र घराच्या भिंतींसाठी शृंगार, हास्य आणि शांत एवढेच रस राखून ठेवले; युद्ध आणि स्मशान तर घरात नकोच, उरलेले रस देवालयात आणि राजसभेत रंगवावेत, असा त्याचा दंडक. लोकांनी तो किती मानला, हे एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्यात पाहावे. कालीघाटच्या मंदिराजवळ पटुआ, म्हणजे पट रंगवणारे पारंपरिक चित्रकार, गिरणीच्या स्वस्त कागदावर, जलरंगांच्या झपाट्यात कालीचे तीन डोळे आणि लांब जीभ रेखाटत, यात्रेकरू ते चित्र घरी नेत, आणि पुढे शिळाछापाच्या रंगीत प्रतींनी तर स्मशानवासिनी घरोघरी भिंतीवर आणून बसवली. पाचूसारखे पंख तिथे परवडणारे नव्हते. पण त्या घाईतही पटुआ कथलाच्या चंदेरी रंगाने तिचे अलंकार उजळून काढीत असे. शास्त्र सुटले, साज सुटला नाही.

नरसिंहाच्या चित्रांत हा सोस टोकाला जातो. हिरण्यकशिपूला मांडीवर आडवे घेऊन नखांनी त्याचे पोट फाडणाऱ्या देवाच्या गळ्यात आतड्यांची माळ असते. भागवतातच तिचा उल्लेख आहे, त्यामुळे तो दोष चित्रकाराचा नव्हे. तो मात्र ती माळ फुलांच्या हारासारखी डौलदार वळवतो आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या प्रह्लादाच्या इवल्याशा गळ्यातही कित्येकदा मोत्यांचा सर घालायला विसरत नाही.