अर्धी बैठक
दर्यापूरच्या जिममधी दोन वर्षं स्क्वॅट मारले, १०० किलोवर पोचलो अन् गावात लय छाती काढून फिरत होतो. दिवाळीत अंगणात आबाले बैठक मारून दाखवली तर म्हातारा म्हणते, "हे बैठक होय का खुर्चीवर बसून रायला बे?" अन् बाजेवरून उठून स्वतःच दहा मारल्या, पार पिंढरीले मांडी टेकेपर्यंत.

राग आला, खोटं काहून बोलू. पण दुसऱ्या दिवशी पूर्ण खाली गेलो तर ६० किलोतच अडकलो, दोन पोट्ट्यांनी बार उचलला तवा सुटलो. अर्ध्यातली ताकद बरीचशी अर्ध्यापुरतीच असते, जिथं सराव नाही तिथं ती तेवढी येत नाही.

मग रात्री मोबाईल घेऊन वाचत बसलो. २०१९ साली जपानात कुबो नावाच्या संशोधकानं १७ जणांचे दोन गट केले, एकाले फुल स्क्वॅट, दुसऱ्याले हाफ, १० आठवडे, आधी अन् नंतर एमआरआय काढून स्नायू मोजले. मांडीचा पुढचा भाग दोघांचाही सारखाच वाढला, ४.९ अन् ४.६ टक्के. पण कुल्ल्याचा मोठा स्नायू फुलवाल्यांचा ६.७ टक्के, हाफवाल्यांचा फक्त २.२. म्हणजे माह्या मांड्या वाया नाही गेल्या, पण सोयाबीनचं पोतं जमिनीवरून उचलाले कुल्लाच लागते ना भौ.

बरं, अर्धं म्हणजे वाईटच असंही नाही, कोणतं अर्धं ते पाहा लागते. ब्राझीलमधी काही पोरींवर पिंढरीच्या व्यायामाचा, म्हणजे टाच वर-खाली करायचा, प्रयोग झाला, २०२३ साली छापून आला. टाच खाली लोंबते तो ताणाचा अर्धा भागच ज्यांनी केला त्यांच्या पिंढरीचा आतला स्नायू १५.२ टक्के वाढला, पूर्ण करणाऱ्यांचा ६.७, अन् फक्त वरचा अर्धा करणाऱ्यांचा ३.४. स्नायू ताणलेला असताना त्याच्यावर वजन पडलं की वाढ जास्त होते, निदान बऱ्याच प्रयोगांत तसं दिसलं. अन् आपण जिममधी नेमकं तेच चुकवतो, कारण खालीच जड जाते अन् वर प्लेटा जास्त लावता येतात, पोट्टे पाहत असतात ना.

आता मी ओट्याच्या पायरीवर टाच लोंबवून पिंढरी करतो, अन् स्क्वॅट ७० वर आणला. घोटा आखडलेला हाये म्हणून टाचेखाली फळी ठेवतो. आबा बाजेवरून पाहते अन् म्हणते, "फळी काढ."