तीस घरांचा जुना बाजार

फलक, पत्रकं आणि जाहिरातीचा मजकूर तयार करणं हे माझं काम. त्या आठवड्यात एका कॉलनीतली मंडळी आली. तीस घरं मिळून एकाच दिवशी, एकाच अंगणात घरातल्या वापरलेल्या वस्तू विकायला काढणार होती. तारीख, वेळ, जागा सगळं पक्कं होतं, फक्त नाव ठरत नव्हतं.

‘जुना बाजार’ मीच सुचवलं होतं. एक काकू लगेच म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंचं कपाट आहे त्यात. चाळीस वर्षं पुसून ठेवलंय. त्याला जुना बाजार म्हणायचं?” खोलीत कुणी काही बोललं नाही. मग त्यांनीच हळूच सुचवलं, “नव्या घराच्या शोधात.” सगळ्यांना आवडलं. मलाही मनापासून आवडलं. वस्तू टाकून द्यायची नाही, तिला दुसरं घर मिळवून द्यायचं, हे त्यात नेमकं आलं होतं. मी शिरोरेषा नसलेला एक नाजूक टाइप निवडला, फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरं घेतली आणि कोपऱ्यात एका खुर्चीचं रेखाचित्र टाकलं. इतकं देखणं काम त्या वर्षात माझ्या हातून दुसरं झालं नव्हतं.

विक्रीच्या दिवशी सकाळी नऊला अंगण मांडून तयार होतं. दहापर्यंत कॉलनीतलेच लोक एकमेकांची टेबलं बघत फिरत होते. पत्रकावर दिलेला फोन मात्र सारखा वाजत होता. दोन खोल्यांची जागा भाड्याने आहे का? एजंट आहात का? एका बाईंनी विचारलं, पिल्लं किती महिन्यांची आहेत? पाचवा फोन झाल्यावर ज्यांच्या हातात तो फोन होता ते काका माझ्याकडे बघत राहिले. मी गाडी काढली आणि मुख्य रस्त्याच्या वळणावर, आमच्या फलकासमोर जाऊन उभा राहिलो.

तिथे मला माझंच काम परक्याच्या डोळ्यांनी दिसलं. ताशी ४० किलोमीटरने जाणारं वाहन सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतं. आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा की सहज वाचता यायचं असेल तर दर ३ मीटर अंतरामागे अक्षराची उंची अडीच सेंटिमीटर हवी. माझी अक्षरं होती ५ सेंटिमीटरची, म्हणजे ६ मीटरवरून वाचण्याजोगी. वाहनचालकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा सेकंद येत होता. त्यातून शिरोरेषा काढलेली! घ आणि ध, भ आणि म यांची ओळख त्या रेषेतल्या तुटीवर पटते. रेषाच नसेल तर लांबून ‘घराच्या’चं ‘धराच्या’ होतं. हे मला ठाऊक होतं. तरी पडद्यावर सुंदर दिसतंय म्हणून मी तसंच जाऊ दिलं होतं.

परत येऊन काकूंना आधी भेटलो. म्हटलं, “काकू, तुमचं नाव खोटं नाही. पण ते वस्तूला निरोप देणाऱ्याचं नाव आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला अजून माहीतच नाही की इथे कपाट आहे.” त्यांना मी कार बूट सेलचं सांगितलं. ब्रिटनमध्ये गाडीच्या डिकीला ‘बूट’ म्हणतात; लोक त्या डिकीत सामान आणून विकतात आणि नावात तेवढंच सांगतात. अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेली एक विक्री आज मिशिगनपासून अलाबामापर्यंत सुमारे १,१०० किलोमीटर पसरली आहे. तिचं नाव आहे ‘१२७ यार्ड सेल’. यार्ड सेल म्हणजे अंगणातली विक्री. १२७ हा रस्त्याचा क्रमांक, म्हणजे नावातच पत्ता. काकू थोडा वेळ कपाटाच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “तीस घरं आहेत हे तरी मोठं लिहा.”

हीच आमची सगळ्यात मोठी ताकद होती आणि ती माझ्या पत्रकात सगळ्यात बारीक अक्षरात होती! एका घरच्या चार वस्तूंसाठी कुणी वाट वाकडी करत नाही. तीस घरं म्हटली की करतो.

रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे उलगडले, त्यांवर पिवळा कागद चिकटवला. काळ्या रंगात, शिरोरेषेसकट, पंचवीस सेंटिमीटरची अक्षरं: ‘जुना बाजार’. खाली ‘३० घरं’ आणि एक जाड बाण. बस्स. तारीख नाही, वेळ नाही, कारण फलक आजच्यापुरतेच होते. असे अकरा केले, सगळे हुबेहूब एकसारखे, म्हणजे पहिला पाहिलेल्याला दुसरा न वाचताच ओळखू यावा. प्रत्येक वळणाआधी एक आणि वळणावर एक, जागामालकाला विचारून. फोनवरचा संदेशही बदलला. वर्णनं काढली आणि नुसती वस्तूंची नावं घातली: शिवणयंत्र, लहान मुलांची सायकल, लाकडी कपाट, शालेय पुस्तकं, कुंड्या. लोक शोधतात ती वस्तू, भावना नव्हे, हे जाहिरात लिहिणाऱ्या मला त्या दिवशी पुन्हा शिकावं लागलं.

साडेअकरानंतर अंगणात चालायला जागा नव्हती. शिवणयंत्रासाठी एकाच वेळी तिघी आल्या. कपाट एका तरुण जोडप्याने घेतलं. काकूंनी त्यांना बिजागरीला तेल कधी द्यायचं इथपासून सगळं सांगितलं, आणि त्या दोघांनी ते नीट ऐकून घेतलं.

संध्याकाळी फलक काढायला निघालो. अकरापैकी दहाच सापडले. अकरावा कुणीतरी कुंपणाच्या आतल्या बाजूला हलवला होता, तो अंधारात दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन काढला. तोवर दोघे जण त्या बाणामागून रिकाम्या अंगणापर्यंत येऊन परत गेले होते.