साडेपाचचा इंडेक्स तयार झालाच नाही

ज्या सिस्टीममध्ये रोज नवा डेटा येतो आणि जुना कधीच जात नाही, ती आज ना उद्या बंद पडणार, हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. तरीही 'जुना डेटा कोण काढतो, कधी काढतो आणि तो निर्णय कुठे लिहून ठेवलाय' हा प्रश्न बहुतेक टीममध्ये कुणी विचारत नाही. आमच्याकडे तो २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे विचारला गेला.

आमच्या कंपनीचे सगळे ॲप्लिकेशन लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लिहीत जातात त्या नोंदी, इलास्टिकसर्च या शोधता येणाऱ्या डेटाबेसमध्ये जातात. सर्व्हरवरचं फाइलबीट ओळी वाचतं, लॉगस्टॅशकडे देतं आणि लॉगस्टॅश तेव्हा प्रत्येक सर्व्हिससाठी त्या-त्या तारखेचा इंडेक्स, म्हणजे नोंदींचा वेगळा गठ्ठा, तयार करून त्यात भरायचं. ही तारीख यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेची असायची. म्हणजे आपल्याकडे घड्याळात रात्रीचे बारा वाजले तरी इंडेक्सची तारीख बदलायची नाही, ती बदलायची पहाटे साडेपाचला. मी त्या टीममध्ये नुकतीच आले होते आणि त्या आठवड्यात ऑन-कॉल होते, म्हणजे काही बिघडलं तर फोन मला यायचा. साडेपाच वाजून काही मिनिटांनी फोन वाजला: क्लस्टर, म्हणजे इलास्टिकसर्च चालवणाऱ्या मशीनचा समूह, लाल.

लाल म्हणजे कुठल्या तरी इंडेक्सच्या प्रायमरी शार्डला, म्हणजे त्याच्या मूळ तुकड्याला, जागा मिळालेली नाही. किबाना हा लॉग बघायचा पडदा उघडून पाहिलं तर कालपर्यंतचे लॉग व्यवस्थित शोधता येत होते, आजचा एकही इंडेक्स जिवंत नव्हता. नावं तयार झाली होती, पण शार्ड कुठल्याच नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवर, बसत नव्हते. एका शार्डबद्दल क्लस्टरला कारण विचारलं तेव्हा प्रत्येक नोडपुढे तेच उत्तर आलं: डिस्क हाय वॉटरमार्कच्या वर.

इलास्टिकसर्च डिस्ककडे तीन खुणांनी बघतं. ८५ टक्क्यांच्या वर गेलेल्या नोडवर ते शार्डच्या नव्या प्रती ठेवायचं थांबवतं, नव्या इंडेक्सचा प्रायमरी मात्र चालवून घेतं. ९० च्या, म्हणजे हाय वॉटरमार्कच्या, वर गेलं की तिथे नवं काहीच ठेवत नाही आणि असलेलं दुसरीकडे हलवायला बघतं. ९५ ला तर त्या नोडवर ज्यांचे शार्ड आहेत त्या सगळ्या इंडेक्सचं लिहिणंच बंद करतं. आमचे सगळे नोड ९० आणि ९५ च्या मध्ये होते. त्यामुळे जुन्या इंडेक्सना काही झालं नाही, आणि नेमकी तारीख बदलताच सगळं एकदम थांबलं. क्लस्टर बरेच दिवस पिवळा होता, म्हणजे प्रतींना जागा मिळत नव्हती. पण पिवळा रंग तिथे नेहमीचाच झाला होता. आणि ८५ टक्क्यांचा इशारा जात होता एका जुन्या मेल ग्रुपवर, जो आता कुणीच वाचत नव्हतं.

घड्याळ मात्र धावत होतं. लिहिणं थांबलं की लॉगस्टॅश तुंबतं, मग फाइलबीट आपण कुठवर वाचलंय ती जागा लक्षात ठेवून थांबतं. तोवर काही हरवत नाही. पण ॲप सर्व्हरवर जागा बेताची, म्हणून जुन्या फाईल्स काढणारं लॉगरोटेट तिथे सहा तासांपुरत्याच फाईल्स ठेवत असे. म्हणजे साडेअकरापासून न वाचलेल्या ओळी कायमच्या जायला लागणार होत्या, आणि त्यात दिवाळीच्या खरेदीचे पेमेंटचे लॉग होते. ग्राहकाचे पैसे कापले गेले आणि ऑर्डर झाली नाही, तर त्याला उत्तर देण्यासाठी आमच्या हातात त्या ओळींखेरीज दुसरं काही नसतं.

आमचा लीड कॉलवर आला, पाठोपाठ आणखी दोघं. मशीन ऐरोलीच्या डेटा सेंटरमधली, आम्ही पुण्यात; नवी डिस्क घालायची तर आधी ती मागवण्यापासून सुरुवात. एकाने सुचवलं की वॉटरमार्क ९० वरून ९७ करूया, लगेच चालू होईल. लीड म्हणाला, "चालू होईल रे, पण संध्याकाळच्या गर्दीत खरोखर शंभरावर गेलं तर इलास्टिकसर्चच्या पोटातल्या ल्युसीनला लिहायला जागाच उरणार नाही. मग आज फक्त अडलंय, तेव्हा मोडेल." दुसऱ्याने विचारलं, डीबगच्या, म्हणजे चुका शोधण्यापुरत्या लिहिलेल्या, ओळी तेवढ्या क्वेरी लावून काढल्या तर? हा उपाय वरवर सगळ्यात सभ्य वाटतो आणि जागेसाठी तो सगळ्यात निरुपयोगी आहे. ल्युसीनचा सेगमेंट, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा तुकडा, एकदा लिहिला की बदलत नाही. तो छापलेल्या वहीसारखा असतो: ओळीवर काट मारता येते, पान फाडता येत नाही. डॉक्युमेंटवर 'काढलेलं' अशी खूण होते, जागा तेव्हाच सुटते जेव्हा ते सेगमेंट एकत्र करून नवा लिहिला जातो, आणि तो लिहायला आधी जास्तीची जागा लागते. नेमकी तीच आमच्याकडे नव्हती. अख्खा इंडेक्स काढला तर मात्र त्याच्या फाईल्सच जातात आणि जागा तिथल्या तिथे मोकळी होते.

म्हणजे जुने इंडेक्स काढायचे. पण मग ते आत्तापर्यंत काढत कोण होतं? कारण सगळ्यात जुना इंडेक्स किती जुना आहे ते पाहिलं, तर १८० दिवसांची आमची मुदत ओलांडून तो कितीतरी मागे गेलेला होता. लीडने आधीच्या सहकाऱ्याला फोन लावला. तो दुसऱ्या कंपनीत गेलेला, तरी सकाळी सातला फोन उचलून त्याने एका वाक्यात उलगडा केला: "अरे, ते क्युरेटर जुन्या जंप सर्व्हरवर माझ्या क्रॉनमध्ये होतं ना. तो सर्व्हर आहे का अजून?" क्युरेटर म्हणजे जुने इंडेक्स काढणारं टूल, क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ते चालवणारी सोय, आणि जंप सर्व्हर म्हणजे बाकीच्या मशीनवर शिरायचं मधलं मशीन. तो सर्व्हर आता नव्हता. खर्चकपातीत 'वापरात नाही' म्हणून तो बंद केला गेला होता. यादी करणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्या मशीनवर कुणी लॉगिन करत नव्हतं, कुठलीही सेवा चालत नव्हती. रात्री एकदा एक स्क्रिप्ट चालत होती एवढंच, आणि तिच्यावर अख्खा क्लस्टर तगून होता.

त्या सकाळी मला जे दिसलं ते आजही मी प्रत्येक डिझाइन रिव्ह्यूमध्ये मांडते. डेटा कधी जाणार हा नियम डेटाच्या सोबत, त्याच डेटाबेसमध्ये राहिला पाहिजे. तो दुसऱ्या मशीनवर, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात राहिला, तर ते मशीन किंवा तो माणूस गेल्यावर नियमही जातो, आणि गेलेला कळतही नाही. स्क्रिप्ट चुकली तर एरर येते. स्क्रिप्टच नसेल तर एरर कोण देणार?

काढण्याआधी कंप्लायन्सच्या मॅडमना उठवणं भाग होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सगळ्या यंत्रणांचे लॉग मागचे १८० दिवस सुरक्षित आणि भारतातच ठेवावे लागतात. त्याहून जुने काढायला अडचण नव्हती. पण मॅडम म्हणाल्या, "थांबा. पेमेंटच्या एका वादाची चौकशी चालू आहे. त्या सर्व्हिसच्या जुन्या लॉगना हात लावायचा नाही, मुदत संपली असली तरी." मग कामाची वाटणी झाली: त्या सर्व्हिसच्या इंडेक्सचा स्नॅपशॉट, म्हणजे बॅकअप, ऑब्जेक्ट स्टोअरेज या वेगळ्या साठवणीवर सुरू केला, आणि बाकीचे काढायला आम्ही दोघं बसलो.

आमची आवृत्ती ८ होती, आणि त्या आवृत्तीपासून तारा-चिन्ह लावून घाऊक डिलीट करणं मुळात बंद असतं. प्रत्येक इंडेक्सचं पूर्ण नाव द्यावं लागतं. एकाने सुचवलं की ती सेटिंग दहा मिनिटांसाठी उघडूया. आम्ही उघडली नाही. १८० दिवसांची सीमारेषा कुठल्या तारखेला येते ते दोघांनी वेगवेगळं मोजून ताडून पाहिलं, यादी काढली, पेमेंटची नावं वेगळी केली आणि मग तो एकेक नाव मोठ्याने वाचायचा, मी पडद्यावरच्या विनंतीत ते आहे का ते बघून 'हो' म्हणायचे. विनंतीच्या पहिल्या ओळीला चार केबीची मर्यादा, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी. काम कंटाळवाणं होतं आणि ते तसंच असायला हवं होतं. डिलीट झालेला इंडेक्स परत येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या तुकडीनंतर पहिला नोड ९० च्या खाली आला. इलास्टिकसर्च डिस्कचा आकडा दर ३० सेकंदांनी घेतं, म्हणून एक क्षण काहीच हललं नाही. मग आजचे प्रायमरी एकामागून एक बसले, लाल गेला. लॉगस्टॅशचा तुंबारा वाहू लागला. साडेअकराच्या आत फाइलबीट शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं होतं. एकही ओळ गेली नाही.

दिवाळीनंतर आम्ही क्युरेटर परत बसवला नाही. इंडेक्स लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजे आयएलएम, इलास्टिकसर्चमध्ये २०१९ पासून आहे आणि मोफत परवान्यातही मिळतं. त्यात इंडेक्स कधी हलवायचा, कधी काढायचा हा नियम, म्हणजे पॉलिसी, क्लस्टरच्या स्वतःच्या स्थितीत साठतो. कुठलाही एक नोड गेला तरी तो राहतो. रोजच्या तारखेच्या इंडेक्सऐवजी आम्ही डेटा स्ट्रीम घेतले, ज्यात एकाच नावामागे एकापाठोपाठ एक इंडेक्स येतात. त्याला कारण होतं. समजा ४० सर्व्हिस, १८० दिवस: ७,२०० इंडेक्स, प्रत्येकाची एक प्रत धरून १४,४०० शार्ड. एका नोडला साधारण १,००० शार्डची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये असते, आमच्याकडे ती कुणीतरी वाढवून ठेवली होती. त्यातले कित्येक शार्ड काही एमबींचे, आणि सेलच्या दिवसाचा पेमेंटचा शार्ड अवाढव्य. तारखेने डेटा कापला की असंच होतं. आता रोलओव्हर, म्हणजे चालू इंडेक्स थांबवून नवा सुरू करणं, आकारावर होतो: प्रायमरी शार्ड ५० जीबीचा झाला किंवा सात दिवस झाले, जे आधी घडेल ते. मग दोन दिवसांनी वॉर्म टप्पा. इंडेक्स जुन्या, फिरत्या डिस्कच्या मशीनवर जातो, सेगमेंट एकत्र होऊन एक होतो. १८० दिवसांनी डिलीट. पेमेंटच्या पॉलिसीत स्नॅपशॉट झाल्याशिवाय डिलीटचं पाऊल पुढे सरकतच नाही.

दोन गोष्टींवर आमचा बराच वेळ गेला, कारण त्या कागदावर दिसत नाहीत. पहिली: रोलओव्हर झालेल्या इंडेक्सचं वय तो तयार झाल्यापासून नव्हे, रोलओव्हर झाल्यापासून मोजलं जातं. म्हणजे त्यातली पहिली ओळ १८७ दिवसांपर्यंत राहू शकते. कायद्याच्या बाजूने ते चालतं, डिस्कच्या हिशोबात धरावं लागतं. दुसरी: आयएलएम दर दहा मिनिटांनी एकदाच बघतं. चाचणीच्या क्लस्टरवर एक तासाची पॉलिसी लावून सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते, आणि एक्सप्लेनमध्ये, म्हणजे इंडेक्स कुठल्या टप्प्यात आहे ते सांगणाऱ्या उत्तरात, वारंवार तेच: फेज हॉट, ॲक्शन रोलओव्हर, स्टेप चेक-रोलओव्हर-रेडी. तिथे तो अवधी दहा सेकंदांवर आणला तेव्हा कुठे डोळ्यांसमोर टप्पे सरकताना दिसले.

जुन्या तारखांच्या इंडेक्सना रोलओव्हर नसलेली वेगळी पॉलिसी दिली. रोलओव्हरची दिली असती तर प्रत्येक इंडेक्स एररमध्ये अडकून बसला असता. आणि एररमध्ये अडकलेला इंडेक्स म्हणजे पुन्हा न जाणारा डेटा, म्हणून तसा एक जरी दिसला तरी आता ऑन-कॉलचा फोन वाजतो, मेल नाही.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता: "आपोआप जाणार, ते ठीक. पण चौकशी निघाली तर मला ते थांबवता येईल ना?" येतं. त्या इंडेक्सवरून पॉलिसी काढली की तो आहे तिथे राहतो. ती विनंती त्या लेखी पाठवतात, सोबत पॉलिसी परत कधी लावायची ती तारीख असते. आणि नव्या सर्व्हिसचा इंडेक्स टेम्प्लेट, म्हणजे तिचे इंडेक्स कसे बनवायचे त्याचा नमुना, रिव्ह्यूला आला की त्यात लाइफसायकल पॉलिसीचं नाव आहे का ते आधी बघितलं जातं. नसेल तर बाकीचा कोड न वाचता तो परत जातो.